दिल्लीत दोन दिवसांत सुटलेला प्रश्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले, तेव्हा अफगाण दूतावासातल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. ओरड झाली. दोन दिवसांनी पुन्हा परिषद झाली, महिला पहिल्या रांगेत बसल्या, त्यांनी तोंडावर प्रश्न विचारले आणि विषय आपल्यापुरता मिटला. पहिल्या परिषदेतले आपले पुरुष पत्रकार उठून बाहेर का आले नाहीत, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. मे 2022 मध्ये महिला निवेदकांनी चेहरा झाकून बातम्या द्याव्यात असा हुकूम निघाला, तेव्हा काबूलच्या 'तोलो न्यूज'चे पुरुष निवेदक स्वतः तोंडाला मास्क लावून कॅमेऱ्यासमोर बसले होते. तिथे तर जिवाची भीती होती!

काबूल पडल्यावर दोनच दिवसांनी, 17 ऑगस्ट 2021 रोजी, 'तोलो न्यूज'च्याच निवेदिका बेहेश्ता अर्गंदने तालिबानच्या प्रतिनिधीला समोर बसवून मुलाखत घेतली. तो महिना संपण्याआधी तिला देश सोडावा लागला. सरकारी वाहिनीच्या शबनम दौरानला तर ओळखपत्र दाखवूनही कामावर घेतले नाही.

अर्थात, आधी सारे आलबेल होते असेही नाही. जलालाबादच्या 'एनिकास' वाहिनीची मलालाई मैवंद डिसेंबर 2020 मध्ये कामावर जाताना चालकासह मारली गेली. मार्च 2021 मध्ये त्याच वाहिनीच्या तिघी तरुणी कामावरून घरी परतताना मारल्या गेल्या. त्या वार्ताहरसुद्धा नव्हत्या, परदेशी मालिकांना आवाज देत. दोन्ही हल्ल्यांची जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली. तेव्हाच्या सरकारलाही या मुलींना वाचवता आले नाही.

आज गोळीची गरजच उरलेली नाही. 72 किलोमीटरपलीकडे जायचे तर घरचा पुरुष सोबत हवा. मग दूरच्या जिल्ह्यातली बातमी कोण आणणार? 2024 च्या कायद्याने बाईचा आवाजही झाकण्याची गोष्ट ठरवला. सहावीनंतर शाळा बंद झालेल्या मुलींना रेडिओवरून धडे देणाऱ्या 'रेडिओ बेगम'वर फेब्रुवारी 2025 मध्ये छापा पडला, प्रक्षेपण थांबले; काही आठवड्यांनी पुन्हा सुरू करू दिले, तेही अटी घालून.

काबूलशी संबंध ठेवणे आपल्याला भाग आहे, हे मला मान्य आहे. पण ऑगस्ट 2021 मध्ये आपण अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्दबातल केले होते, हेही लक्षात ठेवावे. जीव धोक्यात असलेल्या महिला पत्रकारांना व्हिसा देण्याचा विषय आता दोन्ही सरकारांच्या बोलण्यात यायला हवा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. अफगाण पत्रकार झहरा जोया यांचे 'रुखशाना मीडिया' अफगाण स्त्रियांच्या बातम्या इंग्रजीतही देते. देशात राहून लिहिणाऱ्या कित्येकींना तिथे नाव लपवावे लागते. त्यांची परवानगी घेऊन, रीतसर मानधन देऊन, आठवड्याला एक वृत्तान्त मराठीत छापता येईल का? रविवार पुरवणीतल्या राशिभविष्याची अर्धी जागा त्याला पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली