हाडातला पू शोधायला मुंबईच का गाठायची?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मोटारसायकलच्या अपघातानंतर माझ्या धाकट्या भावाच्या नडगीत रॉड बसवला. चार महिन्यांनी टाक्यांशेजारी छिद्र पडून पू येऊ लागला. रोजचं ड्रेसिंग मीच करायचे. पट्टी सुटायच्या आधीच वास यायचा.

पू वरच्या मांसातला की थेट रॉडला लागलेला, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. हाड जुळलेलं नव्हतं, त्यामुळे रॉड उगाच काढून चालणार नव्हतं. एक्स-रेवरून काही ठरेना, कारण भरून येणारं हाड आणि सडणारं हाड त्यात बरेचदा सारखंच दिसतं. एमआरआयमध्ये रॉडभोवतीचं चित्र धातूमुळे फिसकटलं.

म्हणून मुंबई गाठली. नुसता बोन स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन काढलेला हाडांचा फोटो, पुरला नसता. ऑपरेशन झालेलं हाड संसर्ग नसतानाही त्यात कित्येक महिने उजळतं. तिथे भावाचं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, त्यांना टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ जोडला आणि त्या परत त्याच्याच शिरेत सोडल्या. जिथे जंतू, तिथे या पेशी धावतात. चार तासांनी एकदा फोटो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मधली रात्र नातेवाइकांकडे काढली. दुसऱ्या मजल्याचा जिना तो बसून, एकेक पायरी मागे सरकत चढला. सकाळच्या फोटोत रॉडच्या खालच्या टोकाशी डाग आदल्या दिवसापेक्षा गडद होता. संसर्ग रॉडपाशीच होता. पुढच्या आठवड्यात रॉड निघाला.

साहेब, टेक्नेशियम 6 तासांत निम्मं होतं, ते साठवता येत नाही हे खरं. पण ज्या मॉलिब्डेनमपासून ते मिळतं, ते निम्मं व्हायला 66 तास लागतात. म्हणूनच आठवड्याला एक जनरेटर, म्हणजे मॉलिब्डेनम भरलेली पेटी, पोचला तरी रोज सकाळी त्यातून ताजं टेक्नेशियम काढता येतं. हे जनरेटर पुरवणारी अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ संस्था आपल्या वाशीतच आहे. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तर 1963 पासून चालू आहे. साठ वर्षं जे ज्ञान आपल्या दाराशी आहे, ते मराठवाड्यातल्या पेशंटला का मिळू नये?

प्रत्येक महसूल विभागातल्या किमान एका सरकारी मेडिकल कॉलेजात असे फोटो काढणारा गॅमा कॅमेरा आणि पेशी वेगळ्या करायची स्वच्छ लॅब द्या. आणि कृपा करून पदं आधी भरा. न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर, तंत्रज्ञ आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी नसतील, तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना मिळत नाही आणि मशीन कुलपातच राहतं. येत्या अधिवेशनात यासाठी तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एका पेशंटची बहीण