चित्रासोबत प्रोग्रामही मागा

महोदय,

एआय आल्यापासून ‘संगणकाने काढलेले चित्र’ म्हटले की वाक्य टाइप करून मागवलेले चित्र, असाच अर्थ घेतला जातो. प्रोग्राम लिहून चित्र काढणारे त्यात नाहक भरडले जातात. ही कला साठ वर्षांची आहे. जर्मन गणितज्ञ गेओर्ग नेस यांनी १९६५ मध्येच जर्मनीत श्टुटगार्टला अशी चित्रे मांडली होती.

त्यांचे १९६८चे ‘शोटर’, म्हणजे खडी, हे चित्र आजही पहिला धडा म्हणून उत्तम. ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरची ओळ शिस्तीत, आणि खाली येताना चौकोन अधिकाधिक सरकतात, वळतात. ओळी शून्यापासून मोजा. प्रत्येक चौकोनासाठी उणे १ ते अधिक १ मधला कुठलाही आकडा घ्या, त्याला ओळीच्या क्रमांकाने आणि ०.०३७ने गुणा. येणारा आकडा म्हणजे त्या चौकोनाचे वळण, रेडियनमध्ये (१ रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश). तळाशी वळण जवळपास ४५ अंशांपर्यंत जाते. सरकण्यासाठी असाच दुसरा आकडा.

पी५जेएस या चित्रे काढण्याच्या मोफत लायब्ररीत (म्हणजे तयार आज्ञांच्या संचात) हे वीस-पंचवीस ओळींत होते. अडते ते ठरावीक जागी. वळवण्याआधी आरंभबिंदू चौकोनाच्या मध्यावर नेला नाही, तर चौकोन कॅनव्हासच्या (चित्राच्या चौकटीच्या) वरच्या डाव्या कोपऱ्याभोवती फिरतो. ‘पुश’ (आरंभबिंदूची जागा जपून ठेवणे) आणि ‘पॉप’ (ती परत आणणे) या आज्ञा विसरले तर सरकणे साचत जाते आणि पहिली ओळ संपायच्या आत चौकोन कॅनव्हासबाहेर! कोन रेडियनमध्ये द्यायचा असतो. ४५ लिहिले तर चौकोन सात फेऱ्या मारून ५८ अंशांवर थांबतो. चित्र एकदाच काढायला सांगणारी ‘नोलूप’ ही आज्ञा नसेल तर सेकंदाला साठेक वेळा नवे आकडे पडून चित्र थरथरत राहते. काहींना तेच आवडते, तो भाग वेगळा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सीड, यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा. ‘रँडमसीड’ला तोच आकडा दिला की तेच चित्र हुबेहूब परत येते. मात्र प्रोग्राममध्ये मध्येच एक ‘रँडम’ (असा आकडा मागणारी आज्ञा) वाढवला की पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात आणि आवडलेले चित्र हरवते. नुसता सीड टिपून ठेवणे म्हणूनच पुरत नाही.

छपाईसाठी ए३ कागदाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. सगळी मापे रुंदीच्या प्रमाणात लिहावीत, रेघेची जाडीसुद्धा. या आकारात १ पिक्सेलची रेघ जेमतेम ०.०८५ मिलिमीटर भरते.

स्पर्धांच्या आयोजकांना एक सूचना. ‘डिजिटल’ या एकाच विभागात सगळे कोंबू नका. अशा चित्रासोबत प्रोग्राम, सीड आणि लायब्ररीची आवृत्ती मागा. परीक्षकांनी सीड बदलून आणखी दहा चित्रे काढून पाहावीत. दहाही पाहण्याजोगी निघाली तर गुण प्रोग्राममधल्या नियमाला द्यावेत. एकच निघाले तर ते शेकडोंतून वेचलेले असणार. वेचणे हेही कौशल्यच, पण त्याचे गुण वेगळे.

– एक वाचक, पुणे