क्लोव्हेलीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा मी क्लोव्हेलीचं सांगत होते, तर बाबा, "गाव बघायला तिकीट? हा काय प्रकार!" म्हणत तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. म्हणून आता सविस्तर लिहिते.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे मच्छीमारांचं जुनं गाव. आख्खं गाव एका घराण्याचं. १७३८ साली हॅम्लिन कुटुंबाने ते विकत घेतलं आणि अजून ते वारसांकडेच आहे. राहणारे सगळे भाडेकरू, घरं विकायला नाहीतच. त्यामुळे पैसेवाल्यांनी सुट्टीपुरती घरं घ्यायची आणि एरवी कुलपं लावायची, हे इथे झालेलं नाही. खिडक्यांत कपडे वाळताना दिसतात, आतून कुकरच्या नाही पण रेडिओच्या शिट्ट्या ऐकू येतात. मला तरी तिकीट वसूल वाटलं. बाबांना वाटणार नाही, हे गृहीत धरलंय.

गावात रस्ता म्हणजे कड्यावरून थेट बंदरात उतरणारी गोट्यांची वाट, साधारण १२० मीटर खाली. गाडी शिरूच शकत नाही. सामान न्यायला घरोघरी लाकडी घसरगाड्या. चाकं नाहीत, नुसत्या पट्ट्या. आमच्यापुढे एक बाई वाणसामान बांधलेली गाडी उतरवत होती. ओढायची गरजच नव्हती; दोर मागे ताणून, टाचा रोवून ती गाडीला आवरत होती. गोट्यांवर लाकूड घासल्याचा तो खरखराट ऐकून आपसूक बाजूला व्हायला होतं. पूर्वी खालची मासळी गाढवं वर आणायची. आता गाढवं आहेत ती पोरांनी लाड करण्यापुरती.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. कितीतरी घरांवर 'सी. एच.' आणि साल कोरलेलं दिसतं. ही क्रिस्टीन हॅम्लिन. १८८४ मध्ये गाव तिच्याकडे आलं आणि १९३६ मध्ये ती जाईपर्यंत तिने एकेक पडकं घर दुरुस्त करून घेतलं. केलेल्या कामावर नाव घालायला ती विसरली नाही, हे मला फार आवडलं.

बंदराचा दगडी धक्का सोळाव्या शतकाच्या अखेरचा. ओहोटीला पाणी पार मागे जातं आणि होड्या चिखलात कलंडून पडतात. एके काळी गाव हेरिंग माशांवर जगायचं. आता होड्या मोजक्याच. धक्क्यावर खेकडे-लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांची चळत होती, एकात खेकड्याची वाळकी नांगी अडकलेली. खरं सांगू? मासळीचा वास जवळजवळ नाहीच. कोळीवाड्याला तो नसला की गाव जरा नटून बसल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही आलात की तिथे जायचंच. उतरताना काही वाटत नाही, चढताना पोटऱ्या बोलतात. पण हंगामात मागच्या रस्त्याने लँड रोव्हर पैसे घेऊन वर सोडते. आईने गुडघ्यांसाठी त्यातूनच यायचं. बाबा "मी चालतो" म्हणणार, तर आतापासून रोज जिना चढायला लागा. आणि ते गुळगुळीत तळव्याचे बूट आणू नका, पावसात गोटे भयंकर निसरडे होतात. नवे घ्या, पैसे मी पाठवते.

तुमची,
मनू