एका स्टारची हकीकत

भिगवण, ता. इंदापूर
शनिवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोन आले ते मुद्दाम घेतले नाहीत असं समजू नकोस. गुरुवारी वाऱ्यात ओरडून ओरडून घसा पार बसलाय. आई म्हणाली, आवाज फुटत नाही तर लिहा. बारक्या फोटो काढून तुला पाठवील. अक्षर लागलं नाही तर आईला विचार.

उजनी धरणावरच्या आपल्या बोटीला कुणी नेटवर पाचपैकी एकच स्टार दिला आणि खाली लिहिलं, “पाऊस आलाच नाही, उगाच अर्ध्यातून माघारी आणलं, वर भिजवलं.” तू विचारलंस, आप्पा हे खरं का? शब्दन्‌शब्द खरं आहे. पाऊस आला नाही, मी अर्ध्यातूनच आणलं आणि भिजले तर सगळेच. उरलेलं आता सांगतो.

कोथरूडची चार माणसं होती. गळाचा नाद असलेली, सामान भारीतलं. पाचला बोलावलं होतं, चौफुल्याला नाश्ता करून साडेसातला उगवली. उन्हाळ्यात हे अडीच तास फार महागात पडतात. पहाटे गार, जड हवा पाण्यावर बसून असते, म्हणून धरण निपचित असतं. ऊन चढून जमीन तापली की ती हवा हलते आणि वरचं वारं खाली उतरतं. नवाच्या पुढं पाणी खरखरायला लागतं आणि दुपारी तीन-चारपर्यंत वाढतच जातं. गळवाल्याला दिवस मिळतो तो सकाळचा, आणि यांनी तो मिसळीत घालवला.

त्यात धरण मायनसमध्ये. तू शहरात रमलीस, तरी हे विसरली नसशील. उजनीचं एकूण पाणी 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा, म्हणजे दारातून सोडता न येणारं तळचं पाणी. पाणी त्याच्या खाली गेलं की मायनस. पेपरात तो नुसता आकडा असतो, बोटवाल्याला त्याचा अर्थ वेगळा. पावसाळ्यानंतर ज्या भिंतींवरून, विहिरींवरून, बाभळीच्या खुंटांवरून आपण बिनधास्त जातो, ते सगळं हातभर पाण्याखाली येतं. पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की आपण मोबाईल काढतो, पण न दिसणारी भिंत इंजिनाचा पंखा तोडते. आणि उथळ पाण्यावर लाट उभी राहते, आखूड आणि एकामागं एक. समुद्रावरचे लोक म्हणतात धरणात कसल्या लाटा? समुद्राची लाट उंच असली तरी लांब असते, होडी तिच्यावर चढते नि उतरते. आपल्याकडं एकीवरून उतरायच्या आत दुसरी तोंडात बसते.

वेधशाळेचा यलो अलर्ट होता, दुपारनंतर विजा आणि वादळी वारं. मी त्यांना धक्क्यावरच सांगितलं, अकराला परत. मान सगळ्यांनी डोलावली. जॅकेट घाला म्हटलं तर एकानं ते बुडाखाली घेतलं, मऊ लागतं म्हणून. त्याच्या अंगात घालून पट्ट्या आवळल्याशिवाय इंजिनाची दोरी ओढली नाही. तोही स्टार त्यातच गेला असेल.

आधी वाऱ्याच्या बाजूला गेलो, पश्चिमेला. हे मी बारक्यालाही सांगतो, जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं, म्हणजे दमल्यावर येताना वारं पाठीशी असतं. तिथं कणकेला चिलाप्या लागल्या, बऱ्यापैकी. पण यांना हवा होता कटला. आणि कटल्याचं गणित वाऱ्याच्या उलटं आहे. वारं पाण्यावरचा हिरवा बारीक जीव ज्या काठाला ढकलत नेतं, त्याच काठाला कटला वर तोंड करून खायला येतो. म्हणजे लाट जिथं फुटते तिथंच मोठा मासा. होडीनं जिथं अजिबात थांबू नये, तीच गळ टाकायची सगळ्यात चांगली जागा. ह्या धंद्यात गिऱ्हाईक आणि बोटवाला यांचं भांडण होतं ते याच एका जागेवरून.

मी मधला मार्ग काढला. काठापासून लांब, खोल पाण्यावर, नांगर पुढच्या टोकाला बांधून उभा राहिलो. मागच्या टोकाला कधी बांधू नये. इंजिनाच्या वजनानं मागची बाजू आधीच खाली असते, तिथं दोर ताणला की लाट आत. साडेदहाला त्यांच्यातल्या तरण्याच्या गळाला जे लागलं ते कटलाच असणार. रीळ किंचाळायला लागलं. माझं लक्ष मात्र पूर्वेला, करमाळ्याकडं. तिकडं आभाळ खालून काळं झालं होतं, आणि सकाळपासून वाहणारं पश्चिमेचं वारं एकाएकी पडलं. लाटा चालू, वारं बंद. काठावरचे बगळे वाऱ्याकडं तोंड करून बसतात, ते सगळे एकाच दिशेला होते. हळूहळू वळून दुसरीकडं बघायला लागले.

मी बारक्याला म्हटलं, नांगर घे.

“अहो काका, आता तर वारं थांबलं!” तरणा ओरडला. त्याचं चुकत नव्हतं, त्याला दिसत होतं तेच तो बोलत होता. मासा दोर तोडून गेला, आणि तो मीच घालवला अशी त्याची समजूत झाली. असू दे.

परतताना खरी मजा आली. जुन्या लाटा पश्चिमेच्या, नवा झोत पूर्वेचा, गार. ढगाच्या पुढं काही कोस आधी धावतो तसा. दोन्हींची गाठ पडली की पाणी कुणाचंच ऐकत नाही, ओढ्याच्या पुरात सापडलेल्या रेड्यागत कुठंही मुसंडी मारतं. माघारी घेऊन जाणारी लाट पाठीशी असताना जास्त वेग घेतला तर होडीचं तोंड पुढच्या लाटेत घुसतं, कमी घेतला तर मागची आत येते. लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच चालीनं जायचं. मागचा भाग उचलला की पंखा हवेत येऊन इंजिन बोंबलतं, तेव्हा हात हलका करायचा. वळायचं झालं तर मोठ्या दोन-तीन लाटा जाऊ द्यायच्या, मग एका दमात वळायचं. अर्धवट वळलेली होडी म्हणजे आडवी होडी. 9.9 हॉर्सच्या इंजिनाला जोर दाखवता येत नाही, नुसतं जुळवून घ्यावं लागतं. “खाली बसा, मधोमध बसा, फोटो नको” हे तिन्ही ओरडण्यात घसा गेला. एकाची मिसळ धरणाला मिळाली. बारक्या डब्यानं पाणी उपसत होता आणि हसत होता. त्याला नंतर झापलं.

काठाला लागलो. आणि मग काही झालंच नाही गं. ढग करमाळ्याच्या अंगानं सरकून गेला. धक्क्यावर चहा होईपर्यंत पाणी परत सपाट. सगळे त्या पाण्याकडं बघत होते, मीही. तिथंच थांबलो असतो तर कुणी भिजलं नसतं, मासाही निघाला असता कदाचित. त्या दिवसापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं. मी अर्धे पैसे परत देत होतो. त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी घेतले नाहीत, म्हणाले पुढच्या वेळी पाचला येतो. स्टार त्यांनी दिला नसणार.

21 मे 2024 तुला आठवतो. कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वादळात उलटली, सहा माणसं गेली. एनडीआरएफची माणसं शोधत होती तेव्हा आपल्या गावचे कितीतरी जण काठावर उभे होते, तू पण आईला धरून उभी होतीस. त्या दिवसाचा ढग आणि गुरुवारचा ढग यांत खालून बघणाऱ्याला काय फरक दिसतो, सांग. मला तरी दिसत नाही. म्हणून ढग कुठं जाणार ते बघत मी थांबत नाही. तू त्या स्टारला उत्तर लिहिणार होतीस, ते लिहू नकोस. लिहायचंच असेल तर वेळ बदल, “पहाटे पाच, उशीर झाल्यास फेरी नाही” असं ठळक घाल.

आता तुझ्या ऑफिसच्या मंडळींचं. “रविवारी निवांत उठून दुपारी येतो” हे जमायचं नाही. रोहित पक्षी बघायचे असतील तर थंडीत या, आता ते फारसे उरले नाहीत. सुरय आहेत, पानकावळे आहेत. शनिवारी मुक्कामालाच या. गच्चीवर झोपायला जागा आहे, वारं लागतं, डास कमी. मॅनेजर आहेत म्हणून बोट जास्त वेळ थांबणार नाही, हे त्यांना तूच आधी सांग. माझ्या तोंडून ऐकायला बरं वाटणार नाही.

आई चिलापीचं कालवण आणि भाकरी करणार आहे. न खाणारे किती ते कळव, त्यांना पिठलं. आणि माणसं नक्की किती ते आकड्यात कळव, “आठ-दहा” असं नको. बोटीत आम्ही दोघं धरून आठ बसतात. दहा झाले तर दोन फेऱ्या, आणि दुसऱ्या फेरीवाल्यांना सातच्या आत धक्क्यावर उभं राहावं लागेल.

तुझे,
आप्पा