टोळी सोडली, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोळीयुद्धाची बातमी आली की ‘कडक शिक्षा करा’ ही मागणी लगेच होते. ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याला दुसरं काय सुचणार? पण यातली बरीच मुलं ऐन विशीत तुरुंगात जातात आणि तिशीच्या आत सुटतात. पुढच्या आयुष्याचं काय, हे कुणी विचारत नाही.

टोळी मुलाला फक्त पैसे देत नाही. सोबती देते, वट देते, पाठीशी उभी राहते. टोळी सोडली की हे सगळं एकदम सुटतं. विरोधी टोळीच्या लेखी मात्र तो अजून जुनाच, पोलिसांच्या नोंदीतही तसाच. त्याला आपण देतो काय, तर तासाभराचं व्याख्यान!

लॉस एंजेलिसमध्ये ग्रेग बॉयल या जेझुइट धर्मगुरूंनी १९८८ मध्ये अशा मुलांना काम मिळवून द्यायला सुरुवात केली. कुणी कामावर घेईना, तेव्हा १९९२ मध्ये बेकरीच काढली. तिथे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांतली मुलं शेजारी-शेजारी पाव भाजू लागली. पुढे याचा १८ महिन्यांचा पगारी कार्यक्रम झाला. टोळीच्या खुणांचे टॅटूही तिथे मोफत काढून देतात. किरकोळ वाटेल, पण मानेवर टोळीचं नाव असलेल्याला नोकरी कोण देणार?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात २००८ पासून पोलिसांनी टोळ्यांतल्या मुलांना थेट न्यायालयात बोलावलं, अटक न करता. यापुढे एकाने हल्ला केला तर अख्ख्या टोळीच्या मागे लागू, असं बजावलं. चाकूच्या जखमा शिवणारे डॉक्टर बोलले, मुलगा गमावलेली आई बोलली. आणि शेवटी एक फोन नंबर दिला: बाहेर पडायचं असेल त्याने फोन करावा. धाक आणि मदत एकाच बैठकीत, हे मला जास्त पटतं. नुसत्या दयेला टोळीवाले हसतात.

म्हणून सरकारने अशा मुलांना कामावर घेणाऱ्या मालकांना पहिल्या वर्षाच्या पगाराचा वाटा द्यावा. स्वतः टोळीतून बाहेर पडलेल्यांना अशा मुलांना सावरण्याच्या कामासाठी पगारावर नेमावं. मुलं त्यांचंच ऐकतात. एखादा मध्येच घसरला तर त्याला लगेच योजनेतून काढू नये. आणि ज्या वस्तीत त्याच्या हातून कुणी जखमी झालं, तिथे त्या कुटुंबाला न विचारता त्याला परत आणून बसवू नये. दुसरीकडे खोली मिळवून देण्याचा खर्चही याच योजनेत धरावा.

आपला,
एक वाचक