रूथला, तिच्या साक्षीबद्दल

कोल्हापूर, रविवार संध्याकाळ

चि. रूथ हिस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

सेमिनरीच्या, त्या धर्मशिक्षणाच्या शाळेच्या, अर्जासाठी लिहिलेली तुझी साक्ष, म्हणजे तुझ्या विश्वासाची हकीकत, वाचली. वचनांचे दाखले बिनचूक आहेत. पाळकसाहेब म्हणाले, "पोरगी तयार झाली." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! आत्यालाही वाचून दाखवली.

पण बाळ, बायबल दोनदा पूर्ण, दर शुक्रवारी उपास, संडे स्कूलची तीन वर्षं, हा सगळा हजेरीपट झाला. अर्जात "आत्मिक वाढ" विचारलीय. गलतीकरांस पत्र 5:22-23 उघड. आत्म्याचं फळ कोणतं ते तिथे आहे. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊंत वाचन नाही, उपास नाही, सभा नाही. ती खतपाणी आहेत, फळ नव्हे. आणि यातली बरीचशी फळं समोर दुसरं माणूस असल्याशिवाय तपासताच येत नाहीत. खोलीचं दार लावून सहनशीलता कशी कळणार?

दादाबद्दल मी लिहिणार नव्हते.

करिंथची मंडळी बघ. प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो की त्यांना कोणत्याही कृपादानाची, म्हणजे देवाने दिलेल्या देणगीची, उणीव नाही, आणि तिसऱ्यात त्यांनाच ख्रिस्तातली बाळकं म्हणतो. कारण एकच, त्यांच्यात हेवा आणि कलह. दानं भरपूर असूनही माणूस दुधावरच राहू शकतो. तुझा गळा चांगला आहे, प्रार्थना तोंडपाठ येते, म्हणून मला जास्त भीती वाटते. बोलता येणाऱ्याला आपण वाढलोच असं फार लवकर वाटतं.

आता रीत सांगते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे देवळात आपण मेजाशी भाकर आणि द्राक्षारस घेतो त्याच्या, आदल्या शनिवारी अर्धा तास काढ, त्याहून जास्त नको. आधी स्तोत्र 139 मधली शेवटची दोन वचनं वाच, म्हणजे तपासणारा देव आहे हे ध्यानात राहील. मग नऊपैकी एकच घे. वहीत "मी रागीट आहे" असं मोघम लिहू नकोस. कुणाला, कधी, काय बोलले, तेवढंच लिही. खाली एक ओळ, आता काय करायचं आणि कुठल्या दिवशी. दिवस घातला नाहीस तर नुसती हळहळ उरते. पुढच्या महिन्यात तीच ओळ आधी वाच. वर्षाच्या तुलनेला स्वतःचं मागचं वर्ष घे, शेजारणीचं नको. आणि तुझ्याबरोबर खोलीत राहते त्या मुलीला विचार, "मी दमलेली असताना कशी वागते?" तिला जे दिसतं ते वहीत सापडत नाही.

शिबिराहून आल्याबरोबर परीक्षा करू नकोस, त्या आठवड्यात सगळीच संत असतात. आजारपणातही नको, तेव्हा फक्त अंधार दिसतो. आणि काही खुपलं म्हणून प्रभूच्या मेजापासून दूर बसू नकोस. 1 करिंथ 11:28 मध्ये पारख करून मग खा असं आहे, पारख करून उठून जा असं नाही.

प्रवचन झालं ना? माफ कर. अप्पा म्हणतात, हिला पुलपिट द्या.

नाताळच्या जेवणात तू सगळ्यांपुढे दादाला "नावाचा ख्रिस्ती" म्हणालीस. तो देवळात येत नाही, हे मलाही सलतं. पण शिरोलीहून दुसरी पाळी करून तो रात्री साडेबाराला येतो, साबणाने कोपरापर्यंत हात धुतो, सलाईनने अप्पांची जखम पुसतो, चिकटलेली गॉज न ओढता भिजवून सोडवतो. अप्पा शिव्या घालतात, हा हसतो. त्या नऊंपैकी याला काय म्हणायचं, ते तू ठरव. मी त्याची बाजू घेत नाही. तू संडे स्कूलमध्ये लहानग्यांना मार्काची गोष्ट सांगायचीस, ती आठवते? प्रेषितांच्या कृत्यांच्या 15व्या अध्यायात त्याला बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा इतके भांडले की वेगळे झाले, पौल त्याला न्यायला तयार नव्हता, आणि शेवटच्या पत्रात पौलच तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मुलं "पुढे काय?" विचारायची. तू किती छान सांगायचीस गं.

मत्तय 5:23-24 मध्ये भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी जायचं आहे. चूक कुणाची हे तिथे विचारलेलं नाही. अर्ज हे अर्पणच झालं की.

मुदतीला अजून तीन आठवडे आहेत. शिफारसपत्र मी घेऊन ठेवलंय, फोटो दोन जास्तीचे पाठव. साक्षीत दादाचं नाव घालू नकोस, ते अर्जात लिहायचं नाही. त्याला या महिन्यात पहिली पाळी आहे, चारनंतर घरी असतो.

तुझी,
आई