टपकणारा नळ: वायसर घरीच बदला

सर्व सभासदांना नमस्कार.

नळ बंद करूनही थेंब पडत असेल तर आणखी जोर लावून पिळू नका, त्याने आतला वायसर (पाणी अडवणारी रबरी चकती) अजूनच चिरडतो. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात! रात्रभर खाली बादली ठेवून पाहा, सकाळी जीव हळहळेल.

आधी त्या लाइनचा कॉक बंद करा. तो नीट बंद होत नसेल तर पुढे जाऊच नका. नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि बेसिनच्या जाळीवर फडकं टाका (बारका स्क्रू आत गेला की गेलाच). मूठ काढून पान्याने स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) डावीकडे फिरवत बाहेर घ्या. टोकाला वायसर दिसेल: कडक झालेला, गोल वळ उमटलेला. तोच खिशात घालून दुकानात जा, मापात अंदाज चालत नाही. नळाच्या आत वायसर जिथे टेकतो त्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागली तर नवा वायसरही लवकर जाईल.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात बहुतेक वेळा वायसर नसतो, सिरॅमिक कार्ट्रिज (सिरॅमिकच्या चकत्या असलेला बंद भाग) असतं. ते अख्खंच बदलावं लागतं.

अडलं तर ग्रुपवर फोटो टाका.